पिंजऱ्यावर पिंजरा

मी आयुष्यात जे काही बनवले ते बहुतेक कागदावर बनवले. लोखंडात उतरलेली माझी वस्तू एकच. डिचोली तालुक्यातील एका गावात ती रोज सकाळी पिकअपच्या हौद्यात उभी असते आणि ओल्या कचऱ्याचे डबे तिच्यातून शेडपर्यंत जातात. तिची हकीकत मी येथे क्रमवार लिहीत आहे. गावाचे नाव लिहीत नाही. लाटंबार्सेच्या वाटेवर, डोंगराचा उतार संपून शेते सुरू होतात त्या बाजूला ते आहे, एवढे वाचकाला पुरे. कोणते नाव कुठे लिहावे आणि कुठे टाळावे हे ज्या अर्जनवीसाला कळत नाही, त्याने पेन खाली ठेवावे.

मी मूळचा पेडण्याकडचा, कोरगावचा. नववीत माझी शाळा सुटली. त्यानंतरचे शिक्षण मी डिचोलीला, मामलेदार कचेरीच्या आवाराबाहेर, माझ्या मेजापाशी बसून घेतले. वीस वर्षांहून अधिक काळ मी तेथे बसतो. पदवीधर लोकही माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून ‘तुम्हीच काय ते लिहा’ असे म्हणतात आणि मी लिहितो. काजूच्या बागेची वाटणी, शेतातून जाणारी वाट, आमोण्याच्या बाजूला नदीच्या पाण्याने फुटलेला बांध, अशा नाना विषयांवर मी लिहिले आहे. कोणताही विषय नीट कलमवार मांडला की अर्धा सुटतो, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

माझी धाकटी बहीण त्या गावात दिली आहे. तिच्या सासरची माणसे दोडामार्गाकडून खाणीच्या कामासाठी इकडे आली आणि इथलीच झाली. भावोजी खाणीच्या गॅरेजमध्ये टिपरचे हौदे वेल्डिंग करीत. खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांनी घरामागे पत्र्याची शेड घातली, आणि ते खिडक्यांचे गज, फाटके, असे मिळेल ते काम करू लागले. बहिणीने गावातल्या चार बायका गोळा करून बचत गट काढला होता. पंचायतीने घरोघरचा ओला कचरा गोळा करून गावाबाहेरच्या खताच्या शेडमध्ये पोचवण्याचे काम त्या गटाला दिले. पिकअप भावोजी चालवत. करारावर सही बहिणीची होती.

या सहीविषयी मला थोडे लिहिले पाहिजे. माझ्या मेजावर बायकांच्या सह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. वारसाच्या कागदावर, ना-हरकतीवर, भावाच्या नावे हक्क सोडून देण्यावर. बाई सही करते आणि कागद दुसऱ्या कोणाच्या कामाला जातो. इथे मात्र सही माझ्या बहिणीची होती आणि कामही तिलाच मिळाले होते. असा कागद माझ्या मेजावरून फारसा गेलेला नाही.

एके दिवशी सकाळी ती बसने डिचोलीला आली. माझ्यासमोर दोन गिऱ्हाइके बसली होती, तरी तिने मध्येच बोलायला सुरुवात केली.

“दादा, मुदत मागून घी. तीन म्हयन्यांची.”

“कशाची मुदत?”

तिने सांगितले ते असे. हौद्यात डब्यांची एकच रांग मावते, म्हणून रोज दोन फेऱ्या पडतात. डबे नुसते शेजारी शेजारी उभे असतात, तेव्हा उतारावर ते कलंडतात. मागच्या आठवड्यात पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, दुकानासमोरच तीन डबे कलंडले. सकाळची वेळ, लोक पावाला आलेले, आणि त्यांच्या पायांखालून डब्यातले घाण पाणी वाहत गेले. पदेराने पंचायतीत तक्रार केली. पंचायतीने सांगितले की चतुर्थी होईपर्यंत सगळा ओला कचरा एका फेरीत आणि एक थेंबही न सांडता नेऊन दाखवा. ते जमले नाही तर काम बाहेरच्या ठेकेदाराच्या बंद ट्रकला जाईल.

“मुदत मी मिळवून देईन,” मी म्हणालो. “परंतु मुदतीने डबे उभे राहतील काय?”

“मगे तूच सांग कशे उबे रवतले ते.”

“सांगतो. रविवारी घरी येतो.”

“तू?” ती हसली आणि तिने गिऱ्हाइकांकडे पाहिले. “बरां. आता डब्यांकय अर्ज लिवन दितलो आमचो दादा.”

मी हे उगीच म्हटले नव्हते. माझ्या मेजासमोर, रस्त्याच्या पलीकडे एक बार आहे. त्याच्या दारात सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट एकावर एक असे छातीपर्यंत रचलेले असतात. ते टेम्पोत चढतात, उतरतात, खड्ड्यांतून जातात, आणि बाटली फुटल्याचे मी क्वचितच ऐकले आहे. वीस वर्षे डोळ्यांसमोर असलेली वस्तू मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहायला गेलो. बारवाल्याला मी एक क्रेट उलटा करून दाखवण्याची विनंती केली.

“सायबा, बाटली जाय काय क्रेट?”

“क्रेट.”

“क्रेटान चडना हां. आदींच सांगतां.”

मी क्रेट फिरवून फिरवून पाहिला. वरच्या क्रेटचा तळ खालच्याच्या काठात बसतो. भार कडेवरून कडेवर जातो आणि बाटली बाटलीचा भार घेतच नाही. मला हवे होते ते तत्त्व हाती लागले. डब्याने डब्याला उचलायचे नाही. डबे पिंजऱ्यात उभे राहतील आणि पिंजऱ्याचे चार कोपरे वरच्या पिंजऱ्याचे चार पाय धरतील. असे झाले की हौद्यात एकीऐवजी दोन रांगा, म्हणजे दोन मजले, आणि म्हणजेच एक फेरी.

रविवारी मी बहिणीच्या आंगणात डबा मोजला. टेप कोणाला सापडेना, म्हणून मी पिशवीतला हिरवा कायदेशीर कागद काढला. त्याची लांबी-रुंदी मला स्वतःच्या तळहातासारखी पाठ आहे. डब्याचे तोंड एक कागद आणि चार बोटे, तळ त्याहून आखूड, उंची दोन कागदांना थोडी कमी. भावोजी शेडच्या दारात उभे राहून पाहत होते.

“दादा, ह्या काय? डब्याक रहिवासी दाखलो काढून देतास?”

“मापे घेतो आहे.”

“माका वाटला आता स्टँप मारतलास.”

मी घरी जाऊन सर्व काही अकरा कलमांत लिहिले. पिंजऱ्यात दोन पुढे, दोन मागे असे चार डबे राहतील. तळाशी काठ असलेले ताट राहील आणि गळालेले पाणी त्या ताटातच थांबेल. वर चारही कोपऱ्यांना लोखंडी वाट्या, खाली चार पाय, आणि वरच्याचे पाय खालच्याच्या वाट्यांत. डबे रिकामे झाले की एकात एक बसून एकाच पिंजऱ्यात जातील आणि उरलेले पिंजरे मोकळे रचले जातील. या वस्तूला मी ‘स्तरारोही डबाधारक’ असे नाव दिले होते. भावोजींनी ते दोनदा वाचले आणि कागद उलटा करून पाहिला.

“चित्र खंय आसा?”

“चित्र नाही. वर्णन आहे.”

“वर्णनाक वेल्डिंग कसां करू, दादा?”

शेवटी मी वाचायचे आणि त्यांनी शेडच्या जमिनीवर खडूने काढायचे असे ठरले. माझे एक कलम झाले की त्यांची एक रेघ. पाचव्या कलमाला त्यांनी मला थांबवले आणि पाय थोडे आत घ्यावे लागतील, नाहीतर वाटीत उतरायचेच नाहीत, असे दाखवले. त्यांचे बरोबर होते. मी कलम तिथेच दुरुस्त केले. दुपारपर्यंत जमिनीवर पुरा पिंजरा उभा राहिला, आणि माझ्या कागदावरच्या शब्दांपेक्षा तो मला अधिक स्वच्छ वाटला, हे मी मान्य करतो.

आठ दिवसांनी पहिला पिंजरा तयार झाला. तो पाहायला गटातल्या सगळ्या बायका आल्या होत्या. त्यांत एक वयस्कर काकी होत्या. फेरीतला पहिला डबा नेहमी त्याच उचलत. काकींनी आणि बहिणीने दोन बाजूंनी धरून पिंजरा उचलायला घेतला. पिंजरा हलला, पण उठला नाही.

“ह्या काय रे?” काकी म्हणाल्या. “हत्तीक बांदून घालूचां आसा?”

भावोजींनी जाड अँगल लावले होते आणि ताटाला टिपरच्या हौद्याचीच प्लेट घातली होती. आयुष्यभर त्यांनी खनिज वाहणाऱ्या गाड्या बांधल्या. लोखंड म्हटले की दगड पेलणारे लोखंड, एवढेच त्यांच्या हाताला ठाऊक होते.

“माझ्या हातान बांदलेला आजून मोडूक नाय,” ते म्हणाले.

“मोडूक नाय ता बरां,” बहीण म्हणाली. “पण उचलूकय नाय. केळीची सालां घालूची आसत त्याच्यात, खाणीचो माल न्हय.”

त्या सगळ्या हसल्या. भावोजी हसले नाहीत. त्यांनी पिंजरा एकट्याने ओढत शेडमध्ये नेला. मी त्यांच्यामागे गेलो. ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यावरून हात फिरवत होते. मी त्यांना म्हणालो की माझ्या अकरा कलमांत वजनाचे कलमच नाही, तेव्हा दोष लिहिणाऱ्याचा. ते म्हणाले, “दोष नाय दादा, सवय.” आणि त्यांनी पाइपचे तुकडे मोजायला घेतले.

दुसरा पिंजरा बारीक पाइपचा झाला. ताट पातळ पत्र्याचे, काठ मुडपलेला. धरायच्या दांड्या बायकांच्या कोपराच्या उंचीला. काकींनी तो उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि म्हणाल्या, “ह्यो आमचो.” तसे आठ पिंजरे बनले. भावोजींनी डब्यांत पाणी भरून ते दोन मजल्यांत रचले आणि पिकअप उतारावरून खाली नेऊन वर आणली. पदेर दुकानाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा राहिला होता. एक थेंब रस्त्यावर पडला नाही.

त्या संध्याकाळी मी पंचायतीला द्यायचे निवेदन लिहायला बसलो. माझ्या चांगल्या लिखाणांपैकी ते एक होते. त्यात मी फेरीचा क्रमही घालून दिला. गाडी वरच्या देवळाच्या वाड्यापासून सुरू होईल, मधल्या वाड्यावरून येईल, आणि शेवटी खाली बाजाराच्या वाड्यावरून शेडच्या रस्त्याला लागेल. देवळाच्या वाड्याचे डबे आधी आले म्हणजे ते खालच्या मजल्यात, बाजाराचे नंतर आले म्हणजे ते वरच्या मजल्यात. सातव्या कलमात मी लिहिले: ‘कोणताही पिंजरा कोणत्याही पिंजऱ्यावर, कोणत्याही क्रमाने, निर्धोकपणे बसतो.’ हे वाक्य लिहून झाल्यावर मी पेनाला टोपण लावले आणि थोडा वेळ ते वाचत बसलो.

बहिणीने सही करण्याआधी ते ओठांनी वाचले.

“कोणतोय, कोणत्यायवर?”

“हेच तर त्याचे मर्म आहे.”

“म्हणजे कसलोय कचरो?”

“कचऱ्यात काय फरक?”

तिने सही केली. त्यावेळी मी तिच्या तोंडाकडे पाहिले असते तर पुढचे टळले असते. परंतु मी कागदाकडे पाहत होतो.

पंचायतीच्या सचिवांनी निवेदन वाचून चाचणीचा दिवस ठरवला. चतुर्थीत सर्वांत जास्त ओला कचरा निघतो, तेव्हा पाच दिवसांच्या गणपतींचे विसर्जन होऊन दोन दिवसांनी चाचणी घ्यावी, त्या दिवशी पास झाला म्हणजे वर्षभर पास, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले. मी बहिणीला म्हणालोही, की परीक्षा घ्यायची तर अशीच घ्यावी.

चाचणीच्या सकाळी सचिव आणि एक पंच आपापल्या स्कूटरवरून आमच्या पिकअपच्या मागे होते. मी पुढे भावोजींच्या शेजारी बसलो होतो. निवेदनाची प्रत माझ्या मांडीवर होती. देवळाच्या वाड्यावर घराघरांतून डबे येऊ लागले, आणि त्यांत सगळे निर्माल्यच. पूर्वी ते ओहोळात जात असे. पाणी बिघडते म्हणून आता ते खताला द्यायचे, असे गावाने ठरवले आहे. पाच दिवसांची फुले, दूर्वा, पत्री, गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीची सुकलेली वेल आणि पाने, तोरणे, केळीची पाने. कचरा म्हणून डब्यात घातलेले नव्हे, तर हलक्या हाताने ठेवलेले. प्रत्येक डब्याच्या तोंडावर फुलांचा ढीग उभा होता आणि झाकण कशावरही बसत नव्हते.

पिंजऱ्याच्या काठावरून चार बोटे ढीग वर आलेला मी पाहिला. वरचा पिंजरा बसायचा तर तो ढीग खाली जायला हवा होता.

“दाबा जरा,” मी म्हणालो.

काकींनी हात थांबवले. “कोण दाबतलो? तू दाब. हातान दाबतंस काय पायान?”

मी गाडीतून उतरलो होतो. डब्याजवळ गेलो. वर एक जास्वंद होती, अजून पुरती सुकलेली नव्हती. मीसुद्धा दाबले नाही. म्हणालो, वरचा पिंजरा बसला की आपोआप दबेल. मधल्या वाड्यावरही तेच निघाले. चार पिंजरे निर्माल्याने भरून खालच्या मजल्यात बसले आणि आम्ही खाली निघालो.

बाजाराच्या वाड्यावर पहिल्याच घराचा डबा बांगड्यांच्या आतड्यांनी आणि खवल्यांनी भरलेला होता. चतुर्थीचे दिवस संपले की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मासळीवर माणसे कशी तुटून पडतात, हे मी काय सांगू. आदल्या दिवशी मीही पडलो होतो. बहिणीने आणि काकींनी चार डब्यांचा पिंजरा भरला, उचलला, हौद्याच्या काठापर्यंत नेला. आणि दोघींनी एकमेकींकडे पाहून तो परत खाली ठेवला.

“काय झाले?” मी विचारले.

“देवाच्या फुलांर बांगड्याची आतडी घालू?” काकी म्हणाल्या.

“काकी, तळाला ताट आहे. एक थेंब खाली जात नाही. कलम चार.”

“दादा,” बहीण हळू आवाजात म्हणाली, “थेंबाची गजाल न्हय ती.”

तोवर ज्या घराचा डबा होता ती बाई पायरीवरून खाली आली. तिने सरळ पिंजऱ्यातला आपला डबा काढून घेतला.

“माझो डबो देवाच्या माथ्यार घालू नकात. दोष कोणाक लागतलो? पंचायतीक? माका!”

तिच्या शेजारणीनेही आपला डबा दारामागे ओढला. पुढच्या दारातली बाई आधीच आत गेली. मी पाहत राहिलो. निर्माल्यवाल्यांनी हरकत घेतली असती तर मला उत्तर देता आले असते. पण येथे मासळीवाल्याच डबे देईनात. डबे मिळाले नाहीत म्हणजे कचरा राहिला, कचरा राहिला म्हणजे दुसरी फेरी, आणि दुसरी फेरी झाली की बहिणीचे काम गेले.

सचिव स्कूटर लावून पुढे आले. ते शांत, तरुण गृहस्थ होते आणि त्यांच्या हातात निवेदन होते.

“सातवे कलम,” ते म्हणाले. “कोणत्याही क्रमाने, असे तुम्हीच लिहिले आहे. मग चढवा. नाहीतर दुसरी फेरी म्हणून मला लिहावे लागेल.”

मी कलमाचा अर्थ त्यांना समजावून सांगू लागलो. माझी दोन वाक्ये झाली असतील.

“दादा,” बहीण म्हणाली, “तू बाजूक रव. आमी कचरो न्हेतांव.” आणि भावोजींकडे वळून, “फाळकां उगड. फुलां देंवयात.”

“देंवयतलां, पण घालूचां खंय? रस्त्यार?”

निर्माल्य खाली उतरवून रस्त्यावर ठेवणे शक्य नव्हते, हे मलाही कळत होते. मग जिने पहिला डबा काढून घेतला होता, तीच बाई फाटक उघडून म्हणाली, “माझ्या आंगणात घालात. सारयलेला आसा.” तिने तुळशीच्या बाजूची खुर्ची उचलून जागा केली आणि स्वतः एका पिंजऱ्याला हात लावला.

चार पिंजरे खाली उतरले. प्रत्येकाला दोन बायका, मध्ये थांबणे नाही, काही आपटणे नाही. मग मासळीचे डबे दारांतून आपोआप येऊ लागले. आत गेलेली बाई बाहेर आली आणि तिने आपला डबा झाकणावर हात ठेवून आणून दिला. मासळीचे आणि स्वयंपाकघराचे चार पिंजरे खालच्या मजल्यात बसले. वाट्या मोकळ्या होत्या, झाकणे सपाट होती. आंगणातली फुले एकेक करून वर चढली. पाय वाट्यांत उतरताना चार वेळा टक् असा आवाज आला, आणि फुलांच्या ढिगांवर आता काहीच नव्हते. त्यांना हवे तेवढे उभे राहता येत होते.

भावोजींनी हौद्याला खांदा लावून गाडी हलवून पाहिली.

“आता बसली गाडी,” ते म्हणाले. “मगाशी वयर जड झाली आसती. मासळी पाण्याची, फुलां हलकी. उतारार उलटली आसती, दादा.”

मी हे आधी लक्षात घेतले नव्हते. बहिणीने घेतले होते की तिने केवळ देवाचा मान राखला, हे मी नंतर तिला विचारले. तिने सांगितले, “घरात तरी तू पाटो खाली आणि सूप वयर घालतंस का उलटां?”

सचिव बॉनेटपाशी उभे होते. “गाडी जाईल असे दिसते. पण कागदावर ‘कोणत्याही क्रमाने’ राहिले आणि मी पास लिहिले, तर उद्या कोणी तरी कशावर काहीही चढवील. ही ओळ चूक आहे ना?”

सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. आंगणवाली बाईसुद्धा.

“चूक आहे,” मी म्हणालो.

“मग आताच काढा.”

आमच्या धंद्यात ओळ खोडली की खोडल्याजागी समासात अर्जदाराची सही लागते. लिहिणाऱ्याची चालत नाही. मी कागद बॉनेटवर ठेवला. बॉनेट तापलेले होते. सातव्या कलमावरून मी पट्टीशिवाय सरळ रेघ ओढली आणि वर लिहिले: ‘निर्माल्याचे पिंजरे नेहमी वर राहतील. त्यांच्यावर काहीही ठेवले जाणार नाही. फेरी बाजाराच्या वाड्यापासून सुरू होईल.’ मग पेन बहिणीला दिले. तिच्या हाताला खवले लागले होते. तिने हात पदराला पुसले, समासात सही केली, आणि खोडलेल्या ओळीकडे एकदा पाहिले.

“बरी वळ होती रे,” ती म्हणाली.

“होती,” मी म्हणालो.

गाडी उतारावर लागली तेव्हा मी पुढे बसलो नाही. पंचांच्या मागे स्कूटरवर बसून मी हौद्याकडे पाहत गेलो. वळणावर पिंजरे एकत्र झुकले आणि एकत्र सरळ झाले. पदेराच्या दुकानासमोर भावोजींनी मुद्दाम वेग कमी केला. दोन माणसांनी पाव घेतलेले हात कपाळाला लावले, बहुधा फुले पाहून. शेडमध्ये पोचल्यावर सचिवांनी खालच्या मजल्यातले एक ताट ओढून पाहिले. ताटात मासळीचे पाणी होते; हौदा कोरडा होता. त्यांनी रस्त्याच्या बाजूला थोडे मागे चालत जाऊन पाहिले, परत आले, आणि वहीत काहीतरी लिहिले.

“एक फेरी,” ते म्हणाले. “बाकी पंचायत ठरवील.”

पंचायतीचा निर्णय यायला आठ दिवस लागले. त्या काळात भावोजींनी चार पिंजरे पुन्हा शेडमध्ये घेतले आणि त्यांच्या वरच्या कोपऱ्यांच्या वाट्या कापून टाकल्या. जिथे वाट्या होत्या तिथे त्यांनी गोल बोंडे बसवली. आता त्या पिंजऱ्यांवर काही ठेवायचे म्हटले तरी ठेवता येत नाही. ठेवले तर घसरून पडते. मी विचारले, मंजुरी येण्याआधीच हे का केले. ते म्हणाले, “मंजुरी येवची काय नाय ता येगळा. चूक आसा ती काडूकच होयी.” त्या वाक्याला मी चांगल्या कलमाइतकेच मानतो.

मग एका सकाळी बहीण माझ्या मेजापाशी आली. तिच्या हातात पंचायतीचा कागद होता, घडी न मोडलेला. “तू वाच,” ती म्हणाली. मी म्हणालो, तुझ्या नावाचा आहे, तूच वाच. समोरच्या खुर्चीवर बसून तिने तो ओठांनी वाचला, मग दुसऱ्यांदा मोठ्याने वाचला. चाचणी समाधानकारक. काम वर्षभर गटाकडे राहील. दुरुस्त कलमाप्रमाणे फेरी बाजाराच्या वाड्यापासून.

“म्हणजे काम आमचां?”

“वर्षभर तुमचे.”

तिने कागदाची घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. रस्त्याच्या पलीकडे भावोजींनी पिकअपचा हॉर्न वाजवला. हौद्यात आठही पिंजरे रिकामे रचलेले होते, खाली चार वाट्यांचे, वर चार बोंडांचे.

“चलतंय,” ती उठत म्हणाली. “काकी बाजारात उबी आसा. आज मासळी खूप इल्या म्हणतत.”